विंचचा दोर कोण धरतो?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. ताम्हिणी घाटाच्या वरच्या अंगाला डांबरी रस्ता सोडून एक कच्ची वाट रानात शिरते. माझ्या एका मित्राला आपली जुनी जीप अशा वाटांवर नेण्याचा भारी नाद. त्या दिवशी मीही त्याच्याबरोबर होतो. एका वळणावर जीपची मागची चाके घसरली आणि गाडी उतारावरच्या लाल चिखलात तिरकी रुतून बसली. चारही चाके जागच्या जागी फिरू लागली.

मित्र मुळीच घाबरला नाही. त्याच्या जीपला पुढच्या बाजूस विंच बसवलेला होता. विंच म्हणजे विजेच्या मोटरवर चालणारा रहाटच म्हणा ना! गाडीच्या बॅटरीवर मोटर फिरते, गिअरमुळे तिचा वेग कमी होऊन जोर वाढतो आणि एक आडवा ड्रम सावकाश फिरून दोर गुंडाळू लागतो. दोराचे दुसरे टोक एखाद्या मोठ्या झाडाला रुंद पट्ट्याने अडकवले, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते.

झाड लांब होते. बराचसा दोर सोडावा लागला. मित्राने ड्रमवरचे वेढे मोजले. 'पाच आहेत. पाच पुरतात,' तो म्हणाला. विंचबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तसेच लिहिले होते. दोरावर एक जाड घोंगडी टाकून आम्ही बाजूला झालो. त्याने कळ दाबली. दोर ताठ झाला, जीप वीतभर वर आली आणि 'फट्' असा आवाज झाला. दोर मधे तुटला नव्हता. त्याचे ड्रमकडचे टोकच निसटले होते. तो उसळून झाडाच्या दिशेने गेला आणि जीप सात-आठ फूट मागे घसरून एका खडकावर आपटली. बंपर वाकला. माणसांना काही झाले नाही, हे आमचे नशीब.

मित्राचा सारा राग ड्रमवरच्या एका चिमुकल्या स्क्रूवर निघाला. दोराचे टोक ड्रमला त्या स्क्रूने जोडलेले असते. 'एवढ्या अवजड गाडीला एवढासा स्क्रू!' असे तो परतीच्या वाटेवर तीनदा म्हणाला. तुम्हालाही तसेच वाटले असेल. परंतु त्या स्क्रूकडून गाडी ओढण्याची अपेक्षा कुणी केलेलीच नसते. दोर सुरुवातीला ड्रमवर गुंडाळला जावा, एवढ्यापुरताच तो असतो. मग गाडीचा भार धरतो कोण?

भाऊच्या धक्क्यावर रेवसला जाणारी लाँच कधी पाहिली असेल तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोरून गेलेले आहे. लाँच धक्क्याजवळ येते तेव्हा एक खलाशी दोरखंड उचलून धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळे टोक हातात धरून उभा राहतो. गाठ मारण्याची त्याला घाई नसते. माणसांनी भरलेली लाँच त्या दोराला हिसके देत असते आणि हा गडी एका हाताने तिला थोपवून धरतो. त्याच्या दंडात काही हत्तीचे बळ नसते. लाँचचा जोर खुंट आणि दोर यांच्यामधले घर्षणच सोसत असते.

या घर्षणाचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने मांडले. दोराच्या एका बाजूला मोठा ताण आहे आणि दुसऱ्या बाजूला छोटा. तर

मोठा ताण ÷ छोटा ताण = २.७१८ या संख्येचा (घर्षणांक × कोन) इतका घात.

यातला कोन रेडियनमध्ये घ्यायचा. एक पूर्ण वेढा म्हणजे ६.२८ रेडियन. या सूत्रातील गंमत अशी, की त्यात खुंटाची जाडी कुठेच येत नाही. दोर बारीक गजाला गुंडाळा नाहीतर झाडाच्या बुंध्याला, महत्त्व आहे ते किती वेढे दिले याला. दुसरे असे, की प्रत्येक नवा वेढा ताणाच्या गुणोत्तरात भर घालत नाही, तो त्याला गुणतो. एका वेढ्याने ताण निमपट होत असेल तर दोन वेढ्यांनी पावपट होईल आणि पाच वेढ्यांनी बत्तिसावा हिस्सा उरेल.

पाठ्यपुस्तकातील कप्प्यांच्या उदाहरणांत आम्ही शिक्षक मंडळी 'घर्षण नाही असे समजा' हे वाक्य इतक्यांदा लिहितो, की घर्षण म्हणजे काहीतरी वाईटच असा विद्यार्थ्यांचा समज होऊन बसतो. इथे तर सगळा कारभार त्याच्याच भरवशावर चालला आहे.

हे तुम्हाला घरी पडताळून पाहता येईल. एक लिटर पाणी भरलेली बाटली सुतळीला बांधा. सुतळी खिडकीच्या आडव्या गुळगुळीत गजावरून घ्या आणि दुसरे टोक तानकाट्याला अडकवून खाली ओढून धरा. सुतळी गजाला अर्धा वेढा घालते. बाटली जेमतेम खाली सरकणार नाही इतकाच जोर लावा आणि काटा वाचा. समजा तो ४०० ग्रॅम आला. म्हणजे गुणोत्तर अडीच. आता सुतळीला आणखी एक पूर्ण वेढा द्या. एकूण दीड वेढा, म्हणजे अर्ध्या वेढ्याच्या तिप्पट. सूत्राप्रमाणे गुणोत्तर अडीचचा घन, म्हणजे १५.६ व्हायला हवे आणि काट्याने ६४ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवे. अडीच वेढ्यांना तर १० ग्रॅम पुरे. शाळेत लॉगॅरिदमी आलेखाचा कागद असेल तर वेढ्यांची संख्या आडव्या अक्षावर आणि ताण लॉगॅरिदमी अक्षावर मांडा. बिंदू सरळ रेषेत येतात. त्या रेषेच्या उतारावरून तुमच्या सुतळीचा घर्षणांक काढता येतो. मग गजाला तेलाचे बोट लावून प्रयोग पुन्हा करा.

आता जीपकडे वळू. मित्राने पाच वेढ्यांचा नियम तर पाळला होता. मग टोक निसटले कसे? त्याने दोन महिन्यांपूर्वी विंचचा जुना पोलादी तारदोर काढून त्या जागी नव्या कृत्रिम तंतूंचा दोर घातला होता. पुस्तिका जुन्या दोराची होती, आणि दोर नवा!

तारदोर पोलादी ड्रमवर बसतो तेव्हा घर्षणांक ढोबळमानाने ०.१ धरता येतो. पाच वेढ्यांचे गुणोत्तर येते २३. आमची रुतलेली जीप ओढायला दीड टन, म्हणजे १५०० किलोग्रॅम-भार इतका ताण लागत होता असे समजू. तर स्क्रूपर्यंत पोहोचणारा ताण १५०० भागिले २३, म्हणजे ६५ किलो. एवढा भार तो सहज पेलतो. नवा दोर मात्र अत्यंत गुळगुळीत. त्याचा घर्षणांक ०.०५ धरला तर पाच वेढ्यांचे गुणोत्तर अवघे ४.८ येते आणि स्क्रूवर ३१२ किलोंचा ताण पडतो. घर्षणांक निम्मा झाला म्हणून ताण दुप्पट झाला असे नाही, तो जवळजवळ पाचपट झाला. पुन्हा ६५ किलोंवर यायचे तर वेढे दुप्पट, म्हणजे दहा हवेत. असे दोर बनवणारे आठ ते दहा वेढे ड्रमवर ठेवा म्हणून सांगतात, ते उगाच नव्हे.

मग जुना दोर बदललाच कशाला, असे तुम्ही विचाराल. तारदोर ही काही क्षुल्लक वस्तू नाही. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतातल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने लोखंडी तारा एकत्र पिळून असा दोर केला आणि १८३४ साली तो खाणीत वापरला. तोपर्यंत खाणीत अंबाडीसारख्या तागांचे दोर आणि साखळ्या असत. साखळीची एक कडी गेली की सारेच गेले. तारदोरातली एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार वाटून घेतात. पण तुटलेली तार कुसळासारखी बाहेर येते. ती हातमोज्यातूनही हाताला लागते. शिवाय वजन! आठ मिलिमीटर जाडीचा २८ मीटर तारदोर सात किलोंच्या वर भरतो.

नवा दोर ज्याचा असतो ते पॉलिएथिलीन म्हणजे तुमच्या दुधाच्या पिशवीचेच नातलग. फरक इतकाच, की त्याचे रेणू कमालीचे लांब असतात. पिशवीत लांब रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे पडलेले असतात. नेदरलँड्समधील डीएसएम या कंपनीतील पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी असे पॉलिएथिलीन विरघळवून, त्याची जेलीसारखी स्थिती करून त्यातून तंतू ओढण्याची रीत शोधली आणि १९७९ मध्ये तिचे पेटंट घेतले. या रीतीत रेणू तंतूच्या दिशेने एकाशेजारी एक सरळ लागतात. मग तंतू ओढायचा म्हणजे गुंता सोडवायचा नसतो, सरळ झालेली कार्बनची साखळीच ओढावी लागते. दहा मिलिमीटरचा असा दोर आठ टनांच्या आसपास ताण सोसतो, २८ मीटरचे वजन दीड किलो भरते आणि तो पाण्यावर तरंगतो.

असा दोर तुटला तरी धोका नाही, असे सर्रास सांगितले जाते. इथे मात्र मी थोडा हुज्जत घालणार आहे. ताणलेल्या दोरात ऊर्जा साठते. ती ताण गुणिले वाढलेली लांबी याच्या निम्मी असते. पंचवीस मीटर तारदोर दीड टन ताणाखाली ढोबळमानाने १९ सेंटिमीटर वाढतो. ताण न्यूटनमध्ये सुमारे १५०००. म्हणजे ऊर्जा झाली १४२५ ज्यूल. दहा किलोचा धोंडा पाचव्या मजल्यावरून पडला तर तो साधारण एवढीच ऊर्जा घेऊन खाली येतो. नवा दोरही जवळपास तेवढाच वाढतो, तेव्हा त्यातली ऊर्जा काही फारशी कमी नाही. कमी आहे ते वस्तुमान. तारदोराचा तो तुकडा साडेसहा किलोंचा, तर याचा दीड किलोंच्या आत. ऊर्जा सारखी ठेवून वस्तुमान घटवले की संवेग घटतो. हिशेब केलात तर तो निम्म्याहून कमी येईल. वेग मात्र जास्त येईल! हलका दोर हवेतच लवकर मंदावतो, आणि त्याला तारांची धार नसते, हे खरे. पण टोकाला अडकवलेला लोखंडी हूक काही हलका झालेला नाही. म्हणून दोर कोणताही असो, त्यावर मधोमध जड घोंगडी किंवा ओले पोते टाकायचे आणि दोराच्या रेषेपासून दूर, बाजूला उभे राहायचे. त्या दिवशी आम्ही बाजूला होतो.

बंपर ठोकून आणल्यावर आम्ही दोघांनी विंच पुन्हा नीट बसवायला घेतला, तेव्हा दुसरी चूक सापडली. ड्रमच्या पुढे, दोर जिथून बाहेर पडतो तिथे एक चौकट असते. तिला फेअरलीड म्हणतात. शब्द जहाजांवरचा आहे. दोर नेहमी सरळच ओढला जाईल असे नाही. झाड डाव्या-उजव्या हाताला असले की दोर या चौकटीवर टेकून वळतो. तारदोरासाठी चौकटीत चार पोलादी रूळ असतात, दोन उभे, दोन आडवे. दोर टेकला की रूळ फिरतो, त्यामुळे घासणे टळते. मित्राने दोर बदलला, पण चौकट जुनीच ठेवली होती. मी रुळावरून बोट फिरवले आणि चटकन मागे घेतले. वर्षानुवर्षे तारदोराने त्यावर चऱ्या पाडल्या होत्या आणि चऱ्यांच्या कडा पात्यासारख्या झाल्या होत्या. पोलादाला त्याचे काही वाटत नाही. तंतूंचा दोर त्यावर किसला जातो. दोराचा त्या भागातला पदर पिंजल्यासारखा झालेला दिसतही होता. शिवाय उभा आणि आडवा रूळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात फट असते. मऊ दोर दबून चपटा होतो आणि नेमका त्या फटीत चिमटतो.

अशा दोराला हॉज नावाची चौकट चांगली. ती म्हणजे ॲल्युमिनियमचा एक जाड ठोकळा. मधे लांबट भोक आणि भोकाच्या कडा ओठांसारख्या बाहेर वळवून गुळगुळीत केलेल्या. तिच्यात फिरणारे काहीच नाही. दोर घासून तापेल अशी शंका येईल, पण तेच ऑयलरचे सूत्र पाहा. दोर ३० अंशांत वळला तर कोन ०.५२ रेडियन, घर्षणांक ०.१ धरला तरी ताणात फरक पडतो तो शेकडा पाच. वेढा पुरा नसल्याने घर्षण फारसे काही करू शकत नाही. मात्र तारदोर या चौकटीतून घ्यायचा नाही. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ, तेव्हा तो तिला करवतीसारखा कापत जातो.

चौकट कशी पकडली आहे हेही पाहिले पाहिजे. दोर वळतो तेव्हा तिच्यावर आडवा दाब येतो आणि तो दोन ताणांच्या बेरजेतून निघतो. सदिशांचा समांतरभुज चौकोन काढलात तर दाब = २ × ताण × ज्या (कोनाचा निम्मा) असे मिळेल. दीड टन ताण आणि ३० अंशांचे वळण यांना ७७६ किलो येतात. काटकोनात वळवले तर दोन टनांच्या वर. आमच्या चौकटीचे दोन बोल्ट कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या लोखंडाचे घातले होते. ते बदलून ८.८ अशी खूण असलेले जास्त ताकदीचे बोल्ट घातले.

मग दोर गुंडाळण्याचे काम. तो ड्रमच्या खालून यायचा की वरून, हे विंचवर बाणाने दाखवलेले असते आणि ते मुकाट्याने पाळावे, कारण आतला ब्रेक एकाच दिशेचा भार आपोआप धरतो. उलटा गुंडाळला तर विंच ओढेल, पण थांबल्यावर धरणार नाही. आमच्या विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटात आहे. भार सावकाश खाली सोडताना तो बराच तापतो. तारदोराला त्याची फिकीर नव्हती. पॉलिएथिलीनचा हा तंतू मात्र १४५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी दुबळा होऊ लागतो. म्हणून ड्रमला टेकणाऱ्या पहिल्या थराभोवती उष्णता अडवणारे नळीसारखे आवरण घातले.

दोर सैल गुंडाळूनही चालत नाही. तसे केले तर पुढे ताण आल्यावर वरचा वेढा खालच्या वेढ्यांच्या मधे रुतून बसतो आणि सुटता सुटत नाही. दोनशेएक किलोंचा ताण ठेवून गुंडाळावा लागतो. तो ताण आणायचा कुठून? आम्ही आठास एक असा चढ शोधला. जीप १६०० किलोंची. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून तिला झाडाला बांधलेल्या दोराने वर ओढू दिले की दोरावर १६०० चा आठवा भाग, म्हणजे बरोबर २०० किलो ताण येतो. ही युक्ती मित्राला एवढी आवडली, की त्याने शाळेत असताना मी त्याला कलत्या पातळीचे गणित कॉपी करू दिल्याचे ऋण मान्य केले.

ड्रमवर चार थर भरले. यातही एक मजेदार पेच आहे. मोटर ड्रमला जे परिबल देते ते कमाल मर्यादेत ठरावीकच असते. परिबल म्हणजे बल गुणिले त्रिज्या. त्रिज्या वाढली की बल घटते. आमच्या ड्रमवर पहिल्या थराची त्रिज्या ३७ मिलिमीटर, चौथ्या थराची ६७. विंचवर लिहिलेली ४३०० किलोंची ओढ ही फक्त पहिल्या थरावरची. चौथ्या थरावर ती अडीच टनांच्या आसपास उतरते. म्हणजे जितका दोर जास्त सोडाल तितका विंच बळकट, आणि तितकेच स्क्रू वाचवणारे वेढे कमी! आमच्या विंचने त्या दिवशी पूर्ण जोर लावला तो नेमका अशा वेळी. झाड फार लांब असेल आणि तरी जोर हवा असेल, तर जोडपट्टा लावून दोर वाढवावा. झाड जवळ असेल तर कप्पी लावून दोर दुहेरी करावा, म्हणजे थर उतरतात आणि ओढही दुप्पट होते.

दहा वेढे राखायचे म्हणजे किती दोर कमी वापरायचा? पहिल्या थराचा एक वेढा सुमारे २३ सेंटिमीटरचा. पाचाऐवजी दहा वेढे ठेवले, तर तोटा सुमारे १.१५ मीटरचा. हे सांगितल्यावर मित्र बराच वेळ त्या ठोकलेल्या बंपरकडे पाहत राहिला. नंतर त्याने लाल रंगाचा डबा आणला, दहावा वेढा जिथे सुटतो तिथे दोरावर हातभर लांबीचा पट्टा ओढला, आणि जुन्या पुस्तिकेतला 'पाच' हा आकडा खोडून शेजारी 'तारदोर असेल तर' असे लिहून ठेवले.